मत मांडणे आणि मत मोजणे

पुणे–नाशिक रस्त्यावर मंचर मागे टाकले की थोड्याच अंतरावर कळंब लागते. आंबेगाव तालुक्यातील हे गाव. कळंब म्हणजे कदंब वृक्ष. वडगाव, पिंपळगाव, बाभूळगाव या नावांच्या पंक्तीतलेच हे एक वृक्षनाम. पण वृक्ष काही एकाच गावाच्या शिवारात उगवत नाही. धाराशिव जिल्ह्यात कळंब आहे आणि ते तालुक्याचे ठिकाण आहे. यवतमाळ जिल्ह्यात कळंब आहे, तेही तालुक्याचे ठिकाण. आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, आणखी एक कळंब आहे. बोलताना याने काही बिघडत नाही. मंचरच्या स्थानकावर ‘एक कळंब’ म्हटल्यावर कोणताही वाहक धाराशिवचे तिकीट देत नाही. संदर्भ अर्थ निश्चित करतो, हे अर्थविचाराच्या अभ्यासात आपण पाहिलेच आहे. ज्ञानकोशाचे मात्र तसे नाही. तेथे शब्द शीर्षक होऊन एकटा उभा राहतो. मग ‘कळंब’ एवढ्याच नावाने ओळखले जाण्याचा मान कोणत्या कळंबला द्यावा?

एकाच संपादकाने वा संपादक मंडळाने सिद्ध केलेल्या कोशात हा प्रश्न संपादकाच्या टेबलावर सुटतो. मराठी विकिपीडियासारख्या, कोणीही लिहावा आणि कोणीही सुधारावा अशा कोशात तो लिहिणाऱ्यांनाच आपसात सोडवावा लागतो. तेथे मतदान घ्यावे का? घेतल्यास मतदार कोण? किती जण हजर असल्यास निर्णय वैध मानावा? वरकरणी तांत्रिक वाटणारे हे प्रश्न प्रत्यक्षात भाषेचे आणि समाजाचे प्रश्न आहेत, आणि मराठीच्या विद्यार्थ्याने ते आपले मानावेत अशी माझी धारणा आहे. मराठीत उपलब्ध होणारे सार्वजनिक ज्ञान यापुढे मोठ्या प्रमाणात अशाच मंडळ्यांच्या निर्णयांतून घडणार आहे.

प्रारंभ एका शब्दापासून करू. ‘मत’ हा शब्द संस्कृत ‘मन्’ धातूपासून आलेला आहे; विचारांती जे मानले ते मत. मराठीत आपण ‘माझे मत असे आहे’ असेही म्हणतो आणि ‘मी मत दिले’ असेही म्हणतो. अभिप्राय आणि निवडणुकीतील मत यांना इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे एकच आहे. पण क्रियापदे पाहावीत. अभिप्रायाचे मत आपण ‘मांडतो’, निवडणुकीतले मत ‘देतो’ किंवा ‘टाकतो’. मांडलेल्या गोष्टीकडे इतरांना पाहता येते, तिच्यात फेरफार सुचवता येतो. टाकलेली गोष्ट पेटीत जाते, मग तिची केवळ गणना उरते. चर्चा करणाऱ्या कोणत्याही मंडळीच्या कारभारातली मुख्य अडचण या दोन क्रियापदांमधल्या अंतरात सामावलेली आहे.

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा. महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून सुरू झालेल्या या प्रकल्पाने आपल्या कारभारासाठी जी शब्दयोजना केली, ती भाषाभ्यासकाला मोह पाडणारी आहे. सर्वांनी मिळून बोलण्याच्या पानाला ‘चावडी’ म्हटले गेले. व्यवस्थापनाचे विशेष अधिकार असलेल्या सदस्याला ‘प्रचालक’ हे नाव मिळाले. आणि एखाद्या प्रस्तावावर सदस्यांनी पाठिंबा वा विरोध नोंदवण्याला ‘कौल’ म्हटले गेले. ‘चावडी’ हा शब्द तेलुगू, कन्नड आणि तमिळमध्येही त्या त्या रूपात वावरतो. गावकामगारांच्या बसण्याची, सारा भरण्याची, तंटे ऐकण्याची ही जागा. परक्या संकल्पनेला घरचे नाव देण्याचे याहून नेटके उदाहरण मला चटकन आठवत नाही.

‘कौल’ मात्र जरा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. (घरावरचे कौल नपुंसकलिंगी, त्याचा येथे संबंध नाही.) मूळ अरबी शब्दाचा अर्थ बोल, वचन. मराठेशाहीत ओसाड पडलेली जमीन पुन्हा लागवडीस यावी, पेठ वसावी म्हणून सरकार रयतेला वा व्यापाऱ्याला अभयाचे आणि सवलतीचे जे लेखी आश्वासन देई, तो कौल अथवा कौलनामा. येथे कौल म्हणजे देणाऱ्याला बांधून ठेवणारा शब्द. दुसरीकडे कोकणातल्या देवळांत कौल लावण्याची प्रथा आहे. गुरव मूर्तीवर कळ्या वा पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घातले जाते, आणि पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, यावरून देवाचा होकार-नकार ओळखला जातो. तिसरा अर्थ वृत्तपत्रांनी रूढ केला: जनतेचा कौल, म्हणजे निवडणुकीचा निकाल.

हे तीन कौल एकमेकांपासून फार वेगळे आहेत. देव कारण सांगत नाही. त्याला कोणी ते विचारतही नाही. मतपेटीही कारण सांगत नाही, आणि गुप्त मतदानात तसे विचारणे गैरच ठरेल. परंतु ज्ञानकोशाच्या चावडीवर एखाद्याने नुसताच ‘पाठिंबा’ लिहून सही केली, तर त्याने देवळातला कौल दिला असे मी म्हणेन. तेथे अपेक्षित आहे तो कौलनाम्याचा कौल: नावानिशी दिलेला, कारणासह दिलेला, आणि उद्या कोणी तोच दाखला पुढे केला तर देणाऱ्याला बांधील ठेवणारा. विकिपीडियाच्या मूळ धोरणात निर्णयाचा आधार सहमती हा मानलेला आहे आणि मतदानाला चर्चेची जागा घेऊ देऊ नये असा संकेत आहे. प्रत्यक्षात, जेथे माणसे थोडी आणि वेळ त्याहून थोडा, तेथे सोपी वाट म्हणून गणना पुढे येते. ती मराठीतच येते असे नव्हे. परंतु मराठीत तिचे परिणाम अधिक जाणवतात, कारण मोजायला माणसेच कमी असतात.

गणनेचा नियम कसा रचला आहे यावर निकाल किती अवलंबून असतो, हे समजून घेण्यासाठी संगणकापाशी जाण्याची गरज नाही. ग्रामसभा पुरेशी आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा. कळंबची असो वा कोणत्याही गावची, ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरावी अशी त्यात तरतूद आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. या शेवटच्या कलमामागचा हेतू समजण्याजोगा आहे. गावाचे काम अडून राहू नये. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की पहिल्या सभेला न येणे ही काही वेळा दुसरी सभा जिंकण्याची युक्ती ठरू शकते. आमच्या भागातल्या एका गावात अशा तहकूब सभेला मी बसलो होतो. विषयाचे वाचन पूर्ण होण्याआधीच हात वर झाले. मागच्या ओटीवर बसलेल्या एक वृद्ध बाई शेजारणीला विचारत होत्या, ‘कशासाठी गं हात?’ शेजारणीला सांगता आले नाही. ठराव मात्र ‘सर्वानुमते’ मंजूर झाल्याची नोंद झाली. ‘सर्वानुमते’ या समासातल्या ‘सर्व’ या पदाचा अर्थ काय, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

याच्या नेमके उलट टोक दारूबंदीच्या मतदानात दिसते. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांनी मागणी करायची, मागणीवरच्या सह्यांची पडताळणी व्हायची, आणि मग ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’ असे गुप्त मतदान घ्यायचे, ही पद्धत महाराष्ट्रात रुजली. २००८ च्या आदेशानुसार मागणीसाठी २५ टक्के सह्या लागतात. परंतु दुकान बंद व्हायचे तर झालेल्या मतदानातील बहुमत पुरत नाही. यादीत नाव असलेल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला पडावी लागतात. समजा, यादीत १००० महिला आहेत. त्यांपैकी ६०० जणी मतदानाला आल्या, ४९० जणींनी बाटली आडवी केली, ११० जणींनी उभी ठेवली. चारास एक याहूनही मोठ्या फरकाने स्त्रिया जिंकल्या आणि तरी दुकान उघडेच राहिले. न आलेल्या ४०० जणी — कोणी माहेरी, कोणी ऊसतोडीला, कोणी केव्हाच वारलेली पण यादीत जिवंत — या सगळ्या जणू दुकानाच्या बाजूने उभ्या राहिल्या. मागे म्हटलेल्या तहकूब सभेत अनुपस्थितांना शून्य किंमत होती. येथे त्यांची किंमत विरोधी मताइतकी आहे. माणसे तीच, गावे तीच. छेद कोणता घ्यायचा, एवढाच फरक.

म्हणून एखाद्या मंडळीत ‘बहुमताने ठरले’ असे ऐकले की पहिला प्रश्न विचारावा: कोणाच्या बहुमताने? विकिमीडिया प्रतिष्ठानच्या विश्वस्त निवडणुकांमध्ये या प्रश्नाचे उत्तर कामाच्या मोजमापाने दिलेले दिसते. मतदार होण्यासाठी किमान ३०० संपादने केलेली असावीत आणि निवडणुकीआधीच्या काही महिन्यांत किमान २० केलेली असावीत, अशी अट तेथे राहिली आहे. २०२१ पासून या निवडणुकीत एकल संक्रमणीय मतपद्धती वापरली गेली. तीही आपल्याला परकी नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे क्रम लिहायचे असतात. आज पदवीचा अभ्यास करणारे आपल्यापैकी अनेक जण पुढे त्या मतदानाला जातील. पहिल्या पसंतीचा उमेदवार मागे पडला तर मत वाया न जाता दुसऱ्याकडे वळते. विशिष्ट प्रकारच्या गोपनीय माहितीची पडताळणी करण्याचा अधिकार एखाद्या भाषेच्या विकिपीडियाने आपल्याच सदस्याला द्यायचा, तर त्या समुदायातून किमान २५ ते ३० जणांचा पाठिंबा लागतो आणि त्यातही ७० ते ८० टक्के अनुकूलता लागते. एवढी माणसे एका वेळी जमवणे छोट्या समुदायाला जड जाते. ती न जमल्यास पडताळणी बाहेरचे, ती भाषा न जाणणारे अधिकारी करतात. एकच माणूस चार नावांनी चार कौल देतो आहे का, हे ज्याला मराठी येत नाही त्याने ठरवायचे! लेखनशैलीवरून लेखक ओळखणे हे भाषेचे काम आहे, यंत्राच्या क्रमांकाचे नव्हे, असे निदान मला तरी वाटते.

येथे कोणी म्हणेल, पूर्वी हे सारे किती सोपे होते. पाचामुखी परमेश्वर होता. या स्मरणरंजनात मी सहभागी होणार नाही. शिवकालात आणि पेशवाईत वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत. उभय पक्षांचे म्हणणे, साक्षी, कागद पाहून निर्णय होई आणि त्याचा महजर लिहिला जाई. त्यावर हजर असलेल्यांची नावे येत. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, इतर वतनदार आणि बलुतेदारांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या हत्यारांच्या निशाण्या. हात मोजले जात नसत, पण कोण हजर होते आणि कोणत्या आधारावर निवाडा झाला हे कागदावर राहत असे. अभ्यासकाला त्या कागदांवरून आज तीनशे वर्षांनंतरही तो तंटा समजून घेता येतो. ही त्या व्यवस्थेची जमेची बाजू. परंतु निवाड्यात ज्याचे वजन पडे तो जातीने आणि वतनाने ठरलेला असे, आणि स्त्रियांना तेथे स्थान क्वचितच मिळे. एकमत सोपे होते, कारण ज्यांचे मत वेगळे पडले असते त्यांपैकी बहुतेकांना विचारलेच जात नव्हते. तेव्हा गोतसभेकडून घ्यायचे ते लेखन घ्यावे, सदस्यत्वाची कसोटी घेऊ नये.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून जवळचे उदाहरण अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाच्या संमेलनाध्यक्षाची निवड दीर्घकाळ मतदानाने होत असे. महाराष्ट्रातल्या आणि बाहेरच्या साहित्यसंस्थांनी ठरवलेले मतदार, त्यांची संख्या हजाराच्या आसपास, आणि टपालाने जाणाऱ्या मतपत्रिका. १९९२ च्या कोल्हापूर संमेलनासाठी झालेल्या निवडणुकीत इंदिरा संत यांचा रमेश मंत्री यांच्याकडून पराभव झाला. त्या निकालाची चुटपुट अनेक रसिकांच्या मनात पुढे कितीतरी वर्षे राहिली. प्रश्न मंत्री यांच्या योग्यतेचा नव्हता. कवितेच्या वाचकांचा कौल आणि यादीतल्या मतदारांचा कौल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या निमित्ताने उघड झाले. गठ्ठा मतांची चर्चा तर जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत होई. अखेर मतदानाची पद्धत बंद झाली. २०१८ च्या बडोदा संमेलनाचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख हे निवडणुकीने आलेले शेवटचे. २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून, म्हणजे अरुणा ढेरे यांच्यापासून, अध्यक्ष सहमतीने निवडले जाऊ लागले. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जयंत नारळीकर, नरेंद्र चपळगावकर, तारा भवाळकर ही नावे आली. निवडणुकीच्या फडात यांपैकी किती जण उतरले असते याची मला शंकाच आहे.

म्हणजे मतदान सोडले आणि निवड सुधारली, असा निष्कर्ष काढता येईल. मी तो अर्धाच काढेन. संस्था नावे सुचवतात, बैठक होते, नाव जाहीर होते. पण दुसऱ्या क्रमांकावर कोण होते, आणि पहिल्याच्या बाजूने कोणते साहित्यविषयक कारण निर्णायक ठरले, हे सामान्य वाचकाला कळत नाही. निवडणुकीत निदान आकडा तरी मिळत असे. आकडा गेला आणि त्याच्या जागी कारणही आले नाही, तर वाचकाच्या हाती काय उरले? वाङ्मयीन सन्मानाच्या निर्णयाबरोबर दीड-दोन पानांचे वाङ्मयीन समर्थन प्रसिद्ध व्हावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. मराठी समीक्षेला ते एक चांगले साहित्यही मिळेल.

सहमतीची वाट खरोखरीच चालून पाहिलेले गाव म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा). सुमारे पाचशे वस्तीच्या या गोंड गावाने ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत पाडली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे या प्रयोगाशी जोडलेली आहेत. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक; तो हक्क त्यांना २००९ मध्ये मिळाला. या गावाची ख्याती सहमतीसाठी आहे. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो तिथला अभ्यासगट. निर्णय घेणारी सभा वेगळी आणि विषय समजून घेणारा गट वेगळा, अशी त्यांची रचना आहे. अभ्यासगटात बाहेरचा माणूसही येऊ शकतो, बोलू शकतो, माहिती पुरवू शकतो. निर्णय मात्र गावाचा. अभ्यासगटात काही ठरवायचे नसल्यामुळे तेथे कोणाला जिंकायचे नसते. मत आधी मांडले जाते, तपासले जाते, आणि मग सभेपुढे येते. म्हाताऱ्या बाईला ‘कशासाठी गं हात?’ असे विचारण्याची वेळ अशा रचनेत येऊ नये.

सहमतीचे धोकेही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एकाने अडून बसले की सारे थांबते. ज्याच्यापाशी वेळ अधिक, आवाज चढा, तो इतरांना थकवून ‘सहमती’ मिळवतो. दिवसभर नोकरी करून वा रान सांभाळून रात्री दोन ओळी लिहिणारा माघार घेतो. लिखित चर्चेत हा धोका वाढतो, कारण तेथे उठून जाणारा दिसत नाही. म्हणून मतदान सर्वस्वी टाळावे असे मी म्हणणार नाही. एखाद्या सदस्याला विशेष अधिकार द्यायचे वा काढून घ्यायचे असतील, तर मतदान घ्यावेच. तेथे विश्वासाचा प्रश्न असतो आणि विश्वास मोजता येतो. अट एवढीच की मतदार कोण हे आधी जाहीर असावे, मुदत पुरेशी असावी, आणि नव्या सदस्याला आपले म्हणणे मांडता यावे, जरी त्याचे मत गणनेत धरले जाणार नसले तरी. जेथे प्रश्न वस्तुस्थितीचा, नावाचा वा व्याख्येचा असेल, तेथे मात्र पाठिंब्याची बेरीज करू नये. एका बाजूला सात नुसत्या सह्या आणि दुसऱ्या बाजूला शिलालेखाचा, गॅझेटियरचा वा शब्दकोशाचा एक नेमका दाखला असेल, तर निवाडा लिहिणाऱ्याने दाखल्याच्या बाजूने लिहावे आणि का लिहिले ते सांगावे. त्याला हे धैर्य यावे यासाठी नियम हवेत. हात मोजणे सोपे असल्यामुळे त्याला नियमाची फारशी गरज पडत नाही.

आता आपल्या कळंबकडे. समजा, ‘कळंब’ या शीर्षकासाठी कौल घेतला. आंबेगावच्या मंडळींनी तो घेतला तर हेच कळंब जिंकेल. साऱ्या महाराष्ट्रात घेतला तर दोन तालुक्यांच्या ठिकाणांत चुरस होईल आणि आपले कळंब अनामत गमावेल. यादी बदलली की गाव बदलते. एवढ्यावरूनच हा प्रश्न मोजून सुटणारा नव्हे हे ध्यानात यावे. कोशकारांनी यासाठी जुनीच युक्ती ठेवलेली आहे: एकाच शीर्षकाखाली सर्व कळंबांची यादी द्यायची आणि प्रत्येकापुढे कंसात तालुका वा जिल्हा लिहायचा. मराठी विकिपीडियावर अशा पानांना ‘निःसंदिग्धीकरण’ म्हणतात. शब्द उच्चाराला अवघड आहे; मला विचारले असते तर मी ‘नामभेद’ सुचवला असता. परंतु तेव्हा मी चावडीवर नव्हतो, आणि जे होते त्यांनी आपले कारण देऊन तो योजला असेल तर आज माझी नुसती नापसंती पुरेशी नाही. तेथे जाऊन, नावानिशी, माझे कारण मला लिहावे लागेल.